मधुमेहामुळे वडिलांच्या पायाची जखम भरत नाही. त्यांच्याच स्टेम सेल (शरीरातल्या मूळ पेशी) वापरून ती भरता येईल का?

काही रुग्णांत फायदा दिसला आहे, पण हा अजून नेहमीचा उपचार झालेला नाही, त्यामुळे सध्या फक्त त्यावर विसंबून राहू नका. मी जखमांच्या ड्रेसिंगचं काम करते, त्यावरून सांगते. रुग्णाच्या अस्थिमज्जेतून किंवा पोटाच्या चरबीतून पेशी काढून त्या जखमेभोवती किंवा पायाच्या स्नायूंत टोचतात. या पेशी स्वतः नवी कातडी बनतात असं नाही. त्या जे स्राव सोडतात त्यांनी नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि सूज उतरते. अडचण अशी की मधुमेहात या पेशीच मंदावतात आणि मज्जेतून रक्तात पुरेशा उतरत नाहीत. म्हणून त्यांना औषधाने बाहेर काढायचाही प्रयत्न चालू आहे. प्लेरिक्साफॉर हे त्यातलं एक. अमेरिकेत त्याला 2008 साली मान्यता मिळाली, पण ती रक्ताच्या काही कर्करोगांत पेशी गोळा करण्यासाठी, जखमेसाठी नव्हे.

आधी हे झालंय का, ते विचारा:
- पायाच्या रक्तप्रवाहाची डॉप्लर तपासणी
- मेलेलं मांस काढणं, हाडापर्यंत संसर्ग गेलाय का ते पाहणं
- त्या पायावरचा भार पूर्ण काढणं (हे सर्वांत जास्त राहून जातं!)

कडा पांढऱ्या, जाड झाल्या असतील आणि तळाशी लालसर दाणेदार मांस दिसत नसेल, तर बहुतेक यातलंच काहीतरी राहिलंय. स्टेम सेलसाठी कोणी आगाऊ पैसे मागत असेल, तर ती उपचाराची नोंदणीकृत चाचणी (क्लिनिकल ट्रायल) आहे का ते आधी तपासा. आणि पाय काळा पडू लागला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.