वार खाली आहे असं सांगितलंय? तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

प्रश्न: पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत प्लासेंटा खाली आहे असं आलंय. सासूबाई म्हणतात आता पलंगावरून उतरूच नकोस. खरंच इतकं असतं का?

आधी घाबरणं थांबवा. प्लासेंटा म्हणजे आपली वार, बाळाला रक्तातून सगळं पुरवणारी. ती गर्भपिशवीच्या तोंडावर आली तर त्याला प्लासेंटा प्रिव्हिया म्हणतात, आणि तोंडापासून 2 सेंटिमीटरच्या आत असेल तर लो लाइंग. पण पाचव्या महिन्यात खाली दिसलेल्या 10 पैकी साधारण 9 जणींची वार नंतर वर गेलेली दिसते, म्हणजे वार चालत नाही, पिशवीचा खालचा भाग वाढतो आणि अंतर पडतं. 32 आठवड्यांना परत सोनोग्राफी करा, खालून करायची म्हटली तर नाही म्हणू नका, ती सुरक्षित आहे आणि अंतर तीच नीट दाखवते. ब्लीडिंग नसेल तर पलंगाला खिळून राहायची गरज नाही, उलट पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. जड उचलू नका, आणि वार तोंडावर असेल तर संबंध टाळा.

प्रश्न: सातवा महिना चालू आहे, वार खाली आहे. परवा अचानक लाल रक्त गेलं, पण पोटात अजिबात दुखलं नाही आणि आपोआप थांबलं. डोहाळजेवण तोंडावर होतं म्हणून घरी बोलले नाही.

ताई, हे वाचताय तिथून उठा आणि आजच हॉस्पिटलला जा, डोहाळजेवण नंतरही होईल. न दुखता ताजं लाल रक्त जाणं हीच प्रिव्हियाची खूण आहे आणि पहिलं ब्लीडिंग बऱ्याचदा थांबतं, तिथेच बायका फसतात कारण पुढचं किती होईल ते कुणीच सांगू शकत नाही. गेल्यागेल्या सांगा, वार खाली आहे, बोट घालून तपासू नका. त्याने धो धो रक्त सुरू होऊ शकतं. ब्लड ग्रुप निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं विचारा, बाळाच्या रक्ताविरुद्ध तुमच्या शरीरात अँटीबॉडी तयार होऊ नयेत म्हणून ते देतात. लवकर डिलिव्हरी करावी लागेल असं वाटलं तर बाळाच्या फुफ्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, त्याला घाबरू नका.

प्रश्न: पहिलं सिझर आहे. आता वार पुढच्या बाजूला, टाक्यांवरच आहे म्हणाले. काय होऊ शकतं?

जुन्या टाक्यांच्या जागी वार पिशवीत रुतून बसू शकते, त्याला अ‍ॅक्रीटा म्हणतात. प्रिव्हिया असताना आधी एक सिझर असेल तर ही शक्यता साधारण 100 पैकी 11, दोन असतील तर 40 च्या आसपास. अशी वार सुटत नाही, ओढली तर प्रचंड रक्त जातं, कधी जीव वाचवायला पिशवी काढावी लागते. म्हणून आत्ताच मोठ्या सेंटरला कलर डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्या, तारीख, सर्जन, रक्त सगळं आधी ठरलेलं हवं. हे ऐकायला जड आहे, पण टेबलावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं कितीतरी बरं.

प्रश्न: वार अजून तोंडावरच आहे. बाळंतपणाला माहेरी जायचंय, गावापासून तालुका 40 किलोमीटर. आई वाट बघतेय.

आईलाच तुमच्याकडे बोलवा. हे मी प्रत्येकीला हात जोडून सांगते, वार खाली असेल तर जवळ ऑपरेशन थिएटर, भूल देणारे डॉक्टर आणि रक्तपेढी हवीच. यात नॉर्मल होत नाही, ब्लीडिंग नसेल तर 36 ते 37 आठवड्यांत ठरवून सिझर करतात. सरकारी दवाखान्यात सिझर आणि रक्त मोफत मिळतं, पण आधी नाव घाला. लोहाच्या गोळ्या चुकवू नका, हिमोग्लोबिन चांगलं असेल तर रक्त गेलं तरी शरीर तग धरतं. मिश्री लावत असाल तर आजच बंद करा. तुमच्या ग्रुपचं रक्त देणारे दोघे-तिघे सांगून ठेवा आणि 108 नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये टाका, रात्री शोधत बसायला नको.