सेट झालीय, गोव्यात मानसशास्त्र शिकवायची कंत्राटी नोकरी घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मानसशास्त्रात एम.ए., सेट (सहायक प्राध्यापकपदासाठीची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण, घर सावंतवाडीला. गोव्यातल्या एका महाविद्यालयाची कंत्राटी सहायक प्राध्यापकाची जाहिरात निघाली आहे. मुलाखतीत काय विचारतात, आणि ही नोकरी घ्यावी की घरी बसून नेट (हीच परीक्षा, पण राष्ट्रीय पातळीवरची) आणि पीएचडीचं बघावं?

माझं मत, घ्यावी. पण सही करण्याआधी नेमणुकीच्या पत्रातला शब्द न् शब्द वाचावा. मी गोव्यातल्या डिचोलीची. कायम होण्यापूर्वी सहा वर्षं तीन महाविद्यालयांत हेच काम केलं, आणि आता अधूनमधून विषयतज्ज्ञ म्हणून मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते. त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकते.

आधी तुमच्या पात्रतेचं. महाराष्ट्राची सेट ही महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांसाठी असते, त्यामुळे ती इथे चालते. एम.ए.ला 55 टक्के हवेत, राखीव प्रवर्गांना 5 टक्के सवलत आहे. पीएचडी नाही म्हणून कुणी घाबरवलं तर घाबरू नका. 1 जुलै 2023 पासून नेट, सेट किंवा स्लेट (हीही राज्यस्तरीय पात्रता परीक्षाच) एवढीच किमान अट आहे आणि पीएचडी ऐच्छिक. अडचण आहे ती दुसरीकडे. गोव्यातल्या सरकारी जाहिरातींत बहुधा पंधरा वर्षांच्या निवासाचा दाखला मागतात, कोकणी येणं आवश्यक आणि मराठी येणं इष्ट असंही लिहिलेलं असतं. स्थानिक उमेदवार मिळाला नाही तर काही ठिकाणी निवासाची अट शिथिल करतात. तेव्हा जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि शंका असली तर अर्ज करण्याआधी कार्यालयात फोन करून विचारा. कोकणीचं मात्र मनावर घ्या. सावंतवाडीची मालवणी बोलत असाल तर पंधरा दिवसांत जमेल. वर्ग इंग्रजीत चालतो, पण मुलं शंका विचारतात ती कोकणीत किंवा मराठीत, आणि खरी शंका तीच असते.

आता पत्राकडे येते. गोव्यात स्टाफरूममध्ये दोन शब्द ऐकाल : ‘कॉन्ट्रॅक्टवर’ आणि ‘लेक्चर बेसिसवर’. बाहेरच्या माणसाला दोन्ही सारखेच वाटतात. मलाही वाटायचे. पहिल्या वर्षी एका महाविद्यालयाने तोंडी ‘कॉन्ट्रॅक्ट’ सांगितलं आणि हातात पडलेल्या पत्रात तासावर मानधन होतं. चवथीच्या (गणपतीच्या) सुट्टीत तास नाहीत, परीक्षेच्या महिन्यात तास नाहीत, दिवाळीत नाहीत. म्हणजे पैसेही नाहीत. जूनपासून शिकवत होते, पहिले पैसे ऑक्टोबरात आले. त्या काळात डिचोली ते कॉलेज असा कदंब बसचा पास वडिलांनी काढून दिला, हे मी अजून विसरलेले नाही.

हिशेब कागदावर मांडून बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी 2019 मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासाला 1500 रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त 50,000 असा दर ठरवला. 50,000 हा आकडा बघून माणूस हुरळतो. पण समजा आठवड्याला आठ तास मिळाले आणि पंधरा आठवड्यांची दोन सत्रं धरली, तर वर्षाचे तास झाले 240 आणि रक्कम 3,60,000. बाराने भागा : महिन्याला 30,000. तेही पूर्ण दर मिळाला तर. कायम सहायक प्राध्यापकाचं नुसतं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं, भत्ते वेगळे. तुमच्या पत्रात दर काय आहे, किमान किती तासांची हमी आहे आणि पैसे दर महिन्याला मिळणार की सत्र संपल्यावर, या तीन गोष्टी लेखी घ्या.

मानसशास्त्रात आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, जो इतिहास किंवा अर्थशास्त्राच्या उमेदवाराला विचारावा लागत नाही : दोन तासांचं प्रात्यक्षिक तुम्ही किती लेक्चर धरता? काही ठिकाणी दोन धरतात, काही ठिकाणी एकच. प्रात्यक्षिक म्हणजे काय काम असतं ते ज्याने घेतलंय त्यालाच कळतं. मुलर-लायर भ्रमाचा प्रयोग घ्या, ज्यात टोकांच्या बाणांमुळे सारख्याच लांबीच्या दोन रेषा लहान-मोठ्या वाटतात. मुलांच्या जोड्या लावायच्या, एक प्रयोगकर्ता आणि एक प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो. पट्टी सरकवून दोन्ही रेषा सारख्या वाटतील तिथे थांबायचं, एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत, डावीकडून, उजवीकडून, प्रत्येक वेळची त्रुटी मिलिमीटरमध्ये लिहायची. वीस जणांची बॅच आणि उपकरणं चार. मग आकडेमोड, मग जर्नल, आणि ती वीस जर्नलं तपासायची घरी, रात्री. हे तपासणं कुठल्याच तासात मोजलं जात नाही. आयएसएचे (सत्रातल्या अंतर्गत चाचण्यांचे) पेपर काढणं-तपासणं, एनईपी (नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण) आल्यापासून वाढलेले बहुविद्याशाखीय पेपर, जिथे कॉमर्सची ऐंशी मुलं समोर बसलेली असतात, हेही त्यातच आलं.

खरोखरचं ‘कॉन्ट्रॅक्ट’ वेगळं. आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत त्यासाठी स्पष्ट तरतूद आहे : अगदी गरज असेल तेव्हाच कंत्राटी शिक्षक नेमावेत, एकूण पदांच्या 10 टक्क्यांहून जास्त नेमू नयेत, पात्रता आणि निवडीची पद्धत कायम शिक्षकाचीच असावी आणि ठोक वेतन नव्या कायम सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी नसावं. सुरुवातीची नेमणूक एका शैक्षणिक वर्षाहून जास्त नसते, नंतर काम बघून पुढे वाढवतात. हे नियम सगळीकडे पाळले जातात असं मी म्हणणार नाही. पण तुम्हाला ते माहीत असले तर बोलताना जड जात नाही.

याच नियमावलीतली एक गोष्ट मला फार उशिरा कळली, म्हणून तुम्हाला आत्ताच सांगते. कंत्राटी सेवा पुढे थेट भरतीसाठी आणि बढतीसाठी धरली जाऊ शकते, पण त्यासाठी पात्रता पूर्ण असावी लागते, रीतसर निवड समितीच्या शिफारशीने नेमणूक झालेली असावी लागते आणि वेतन कायम सहायक प्राध्यापकाच्या एकूण वेतनाहून कमी नसावं लागतं. माझी सहाच्या सहा वर्षं बढतीच्या हिशेबात आली नाहीत. तासांवरच्या वर्षांचं मी समजू शकत होते. पण दोन वर्षं पूर्ण वेतनावरची होती, आणि ती केवळ निवड समितीचा उल्लेख पत्रात नव्हता म्हणून गेली. समिती बसली होती, मी तिच्यासमोर घामाघूम झाले होते, पण कागदावर ती नव्हती. तेव्हा जाहिरातीचं कात्रण, मुलाखतीचं पत्र, निवड समितीचा उल्लेख असलेलं नेमणूकपत्र, पगाराच्या नोंदी, आणि पहिल्या-शेवटच्या तारखांसकट अनुभवाचा दाखला एका फाइलमध्ये ठेवा. अनुभवाचा दाखला सत्र संपायच्या आत मागा. प्राचार्य बदलले की जुनी रजिस्टरं शोधायला कुणाला वेळ नसतो.

‘दोन-चार वर्षं काढली की कायम करतील’ असं सांगणारे भेटतील. त्या भरवशावर राहू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या उमादेवी प्रकरणात सांगून ठेवलंय की कंत्राटी किंवा तात्पुरती नेमणूक झाली म्हणून कायम होण्याचा हक्क निर्माण होत नाही. वेतनाच्या बाजूने मात्र न्यायालयं उभी राहिली आहेत : ऑगस्ट 2025 मध्ये गुजरातच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या, 30,000 रुपयांवर राबणाऱ्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना किमान वेतनश्रेणी द्या, असा आदेश त्याच न्यायालयाने दिला. पण कायम होण्याचा भरवसा नाहीच, म्हणून शिकवत असताना नेटचा अभ्यास आणि पीएचडीची नोंदणी सोडू नका.

मुलाखतीबद्दल. प्राचार्य, विभागप्रमुख, बाहेरचा विषयतज्ज्ञ असे लोक असतात आणि बहुतेक ठिकाणी दहा मिनिटांचा डेमो तास घ्यायला सांगतात. उमेदवार तिथे स्लाइड वाचून दाखवतात आणि हातचं घालवतात. आम्ही बघतो ते हे की अवघड गोष्ट मुलाला कळेल अशी सांगता येते का. मी हमखास विचारते तो प्रश्न : नकारात्मक प्रबलन आणि शिक्षा यांत फरक काय? सेट झालेले उमेदवारही इथे अडखळतात. पावसात छत्री उघडली की भिजणं थांबतं, म्हणून छत्री उघडायची सवय पक्की होते. नकोशी गोष्ट दूर झाल्याने वागणं वाढलं, हे नकारात्मक प्रबलन. हेल्मेट न घातल्याबद्दल पोलिसाने दंड केला आणि बिनहेल्मेटचं फिरणं कमी झालं, ही शिक्षा. एवढं सरळ सांगता आलं तर निम्मी मुलाखत झाली. संख्याशास्त्राचं एखादं, प्रात्यक्षिकाचं एखादं विचारतातच. ‘टी’ चाचणी (दोन सरासरींतला फरक तपासणारी) केव्हा वापराल, गटातल्या कुणी प्रयोगाला बसायला नकार दिला तर काय कराल, असं.

उदाहरणं इथली द्या. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी संमोहनाचा अभ्यास करणारे ख्रिस्ती धर्मगुरू आबे फारिया यांचा पुतळा आहे, 1945 सालचा. हात पुढे केलेला आणि समोर निद्रेत कोसळणारी बाई. 1756 मध्ये कांदोळीला जन्मलेल्या या माणसाने पॅरिसमध्ये जाऊन सांगितलं की संमोहनात कुठलंही चुंबकीय द्रव्य वाहत नाही, जे घडतं ते प्रयुक्ताच्या स्वतःच्या मनात, सूचनेमुळे. मुलं रोज त्या पुतळ्यासमोरून जातात आणि तो कोण हे त्यांना माहीत नसतं. माझ्या डेमो तासाची सुरुवात मी तिथून केली होती. त्यांचीच एक गोष्ट गोव्यात सांगतात : पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभे राहिल्यावर त्यांची वाचा बसली, तेव्हा खालून वडील कोकणीत पुटपुटले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’ म्हणजे समोरचे लोक नुसता भाजीपाला समज, घाबरू नकोस. तज्ज्ञांच्या समोर उभं राहताना मी ते मनात म्हटलं होतं, आणि पाय थरथरायचे थांबले होते. दुसरं उदाहरण पर्वरीच्या ‘संगत’ संस्थेचं. तिच्या संशोधकांनी गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांकडून नैराश्य आणि चिंता यांवर उपचार करून पाहिले आणि तो अभ्यास 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. चिकित्सा मानसशास्त्र शिकवताना याहून जवळचं उदाहरण मिळणार नाही.

आता जे मला सर्वांत कळकळीने सांगायचंय ते. मानसशास्त्र शिकवायला लागलात की मुलं तुमच्याकडे येणार. नैराश्याची लक्षणं शिकवलीत की तास संपल्यावर कुणीतरी दाराशी रेंगाळत असतं. माझ्या दुसऱ्या वर्षी सत्तरी तालुक्यातून येणारी एक मुलगी अशीच थांबली. ‘टीचर, तुम्ही सांगितलेलं सगळं मला होतं,’ एवढं बोलून रडायला लागली. त्यानंतर ती दर आठवड्याला यायची. मी ऐकायची. मी समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलेलं नव्हतं, एम.ए.च्या पुस्तकांवर माझी भिस्त होती, पण तिला नको म्हणायचं धैर्य मला झालं नाही. एप्रिलमध्ये माझी मुदत संपली. जूनमध्ये माझ्या जागी दुसरी व्यक्ती आली. ती मुलगी पहिल्या दिवशी माझं टेबल शोधत विभागात आली होती, हे मला नंतर एका सहकारी मैत्रिणीकडून कळलं. मी तिला कुणाच्या हाती सोपवून आले नव्हते. आपण जाणार हे मला डिसेंबरपासून माहीत होतं.

तेव्हापासून मी पहिल्याच आठवड्यात वर्गाला सांगते की मी शिक्षक आहे, समुपदेशक नाही. ऐकून घेईन आणि योग्य माणसापर्यंत तुमच्यासोबत चालत येईन. महाविद्यालयाला समुपदेशक आहे का, कुठल्या दिवशी येतो, हे रुजू होतानाच विचारून घेते. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत, चोवीस तास चालणारा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते. बांबोळीच्या मनोरुग्णालयाबद्दल मुलांच्या मनात भीती असते, म्हणून तिथे साधी ओपीडी असते, केसपेपर काढून डॉक्टरांना भेटता येतं, हे शांतपणे समजावते. आणि चाचणीचे गुण मुलाच्या हातात ठेवून ‘तुला अमुक आहे’ असं कधीही म्हणत नाही. प्रात्यक्षिकात भरलेली प्रश्नावली शिकण्यासाठी असते, निदानासाठी नसते.

तुम्हीही हे करा. मुदत संपण्याच्या दोन महिने आधी, तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला विचारून, त्याच्या संमतीने, समुपदेशकाशी किंवा विभागातल्या कायम शिक्षकाशी गाठ घालून द्या. तुमच्या नेमणूकपत्रात हे काम लिहिलेलं नसेल, त्याचे पैसेही मिळणार नाहीत, पण ते तुमच्याकडेच येणार आहे.

ती मुलगी पुढे पदवीधर झाली. म्हापशाच्या बाजारात एकदा भेटली, हसली, हातात भाजीची पिशवी होती. आधी मीच तिची माफी मागितली. मुलाखतीची तारीख कळली की इथेच खाली लिहा. डेमोसाठी कुठला विषय निवडताय तेही सांगा, बघून देईन.