आगमनकाळात आंधळ्यांचे उतारे का वाचतात?
नाताळच्या तयारीच्या काळात, म्हणजे आगमनकाळात, आंधळ्यांना दृष्टी मिळाल्याचे उतारे कशाला, आणि 'आध्यात्मिक अंधत्व' नेमकं कोणाचं, असं तुम्ही विचारलंय. आधी दुसरा प्रश्न घेतो, घोटाळा तिथेच होतो.

कॅथलिक मिस्सेत (उपासनेत) आगमनकाळाच्या पहिल्या शुक्रवारी सहसा दरवर्षी बायबलमधले यशया 29:17-24 आणि मत्तय 9:27-31 हे उतारे वाचतात. घरी वाचताना यशयाचा 29वा अध्याय 9व्या वचनापासून घ्या. मिस्सेत बरं होणं तेवढं ऐकू येतं, दुखणं काय होतं ते आधीच्या वचनांत आहे. तिथे शिक्का मारलेलं पुस्तक आहे. साक्षर म्हणतो, शिक्का आहे. निरक्षर म्हणतो, मला वाचता येत नाही. दोघांचीही सबब तयार! 13व्या वचनात ओठांवर देवाचा मान आणि मन लांब. म्हणजे हे अंधत्व उपासना करणाऱ्यांचंच आहे. पुढे 18व्या वचनात बहिरे 'पुस्तकातले शब्द' ऐकतात. कुठलं पुस्तक, हे 11वं वचन वाचल्याशिवाय कळत नाही.

मत्तयात दोघे आंधळे येशूला 'दावीदपुत्रा' म्हणतात, म्हणजे येणारा मसीहा (तारणारा). या शुभवर्तमानात त्याला अशी हाक मारणारे हेच पहिले, तेही डोळे उघडायच्या आधी. 34व्या वचनात डोळस परुशी (धर्मनियम काटेकोर पाळणारे यहुदी) मात्र म्हणतात, हा भुतांच्या अधिपतीच्या मदतीने भुतं काढतो. वाचन 31वर थांबतं, त्यामुळे हा विरोध निसटतो. शिवाय येशू त्या आंधळ्यांना रस्त्यात बरं करत नाही, घरापर्यंत मागे येऊ देतो. आशा शोधायची तर त्या चालण्यात शोधा.

शारीरिक अंधत्व पापामुळे येतं असा अर्थ कुणी काढला, तर योहान 9:3 दाखवा; तिथे येशू म्हणतो, याने किंवा याच्या आईबापांनी पाप केलं म्हणून हे नाही. तो अध्याय मात्र ईस्टरआधीच्या उपवासकाळातला आहे, आगमनकाळात शोधू नका.

रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात येतात; त्यातल्या 'अ' वर्षात (2025 नंतर आता 2028) आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी मत्तय 11:2-11 येतं. तुरुंगातून बाप्तिस्मा करणारा योहान येशूला विचारतो, येणारा तो तूच का? येशू यशया 35 आणि 61मधल्या खुणा सांगतो: आंधळे पाहतात, लंगडे चालतात. यशया 61:1मधली बंदिवानांची सुटका तेवढी त्यात नाही, आणि विचारणारा बंदिवान आहे. प्रवचनात यावरून घाईने पुढे जातात, ते मला पटत नाही. 20 डिसेंबरच्या सायंप्रार्थनेतली आळवणी नेमकं तेच मागते: हे दाविदाच्या किल्ली, ये, अंधारात बसलेल्या कैद्याला बाहेर काढ. त्या दिवशी यशया 22:22 आणि 42:7 शेजारी ठेवून वाचा.