अँजिओप्लास्टी झालेल्या वडिलांना गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून पेनकिलर आणून दिली तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की वडील 68 वर्षांचे, देवगडजवळ गावी एकटेच असतात. गेल्या वर्षी स्टेंट बसवलाय, इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल आणि बीपीची टेल्मिसार्टन चालू आहे. लावणीच्या चिखलात उभं राहून गुडघे धरलेत आणि तुम्ही मुंबईत, म्हणून फोनवर काय सांगू असा प्रश्न.

आधी उत्तर देतो. पॅरासिटामोल बेताने चालेल. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, इबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, इटोरिकॉक्सिब यांपैकी काहीही हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, दोन दिवसांपुरतंसुद्धा नको. मी फार्मासिस्ट आहे, राजापूरकडे माझं मेडिकल आहे. पावसाळा लागला की कंबर आणि गुडघ्यांसाठी याच गोळ्या मागायला लोक येतात.

या गोळ्या हृदयाला का नडतात ते समजून घ्या, म्हणजे वडिलांना पटवता येईल. दुखणं आणि सूज कमी करायला त्या कॉक्स नावाची एन्झाइम्स बंद पाडतात. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात कॉक्स-2 मुळे प्रोस्टासायक्लिन तयार होतं. ते वाहिनी सैल ठेवतं आणि रक्ताची गुठळी होऊ देत नाही. ते कमी झालं की गुठळी होण्याचा धोका वाढतो. ज्याच्या वाहिनीत आधीच चरबीचे थर आहेत, आत स्टेंटची जाळी आहे, त्याला हा धोका परवडणारा नाही. याच कारणाने व्हायॉक्स ही पेनकिलर 2004 साली जगभरातून मागे घेतली गेली आणि भारतातही त्याच वर्षी तिच्यावर बंदी आली. तेव्हा अनेकांना वाटलं की दोष फक्त व्हायॉक्ससारख्या नव्या गोळ्यांचा. पण जुनं डायक्लोफेनॅकही त्याच वाटेचं निघालं. युरोपच्या औषध नियामकाने 2013 मध्ये स्पष्ट सांगितलं की हृदयविकार असलेल्यांना किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना ते देऊच नये. 2015 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या सगळ्याच गटाबद्दलचा इशारा आणखी कडक केला : धोका पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होऊ शकतो आणि डोस जितका जास्त तितका तो वाढतो.

इबुप्रोफेनची आणखी एक अडचण आहे. इकोस्प्रिनमधलं ॲस्पिरिन प्लेटलेटमधल्या (गुठळी धरणाऱ्या बारीक रक्तपेशींमधल्या) कॉक्स-1 ला कायमचं बंद करतं आणि ती प्लेटलेट जिवंत असेपर्यंत गुठळी धरायला फारशी मदत करत नाही. इबुप्रोफेन आधी पोटात गेलं असेल तर ते नेमकी तीच जागा अडवून बसतं, ॲस्पिरिनला शिरता येत नाही आणि काही तासांनी स्वतः निघून जातं. म्हणजे इकोस्प्रिन रोज घेतलीही जाते आणि तिचा पुरेसा उपयोगही होत नाही. शिवाय इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही रक्त पातळ ठेवतात, त्यात पेनकिलरची भर पडली की पोटातून रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. डांबरासारखी काळी शौच झाली तर दवाखाना त्याच दिवशी गाठायचा. पण त्या भीतीने इकोस्प्रिन किंवा क्लोपिडोग्रेल मनाने बंद करू नये. या गोळ्या अशा थांबवणं हे गुठळी होऊन स्टेंट अचानक बंद पडण्याचं एक मोठं कारण आहे.

मूत्रपिंडाचं तर आपल्याकडे कोणी लक्षातच घेत नाही. या गोळ्यांनी शरीरात मीठ आणि पाणी साठतं, बीपी वाढतं, टेल्मिसार्टनसारख्या गोळीचा परिणाम कमी होतो. सोबत लघवीची गोळी चालू असेल तर तिन्ही मिळून मूत्रपिंड बंद पडायची वेळ येऊ शकते. त्यात आपलं जेवण, खारा बांगडा आणि लोणचं. वडिलांना सांगा, सकाळी वजन करत जा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, घोट्याला सूज आली, आडवं झाल्यावर दम लागायला लागला तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. (जनावरांना दिलेल्या याच डायक्लोफेनॅकमुळे गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती लाखोंनी मेली आणि 2006 मध्ये सरकारने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. रायगडात म्हसळ्याकडे गिधाडं जपायचं काम चालतं, तिथल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. माणसाचं शरीर वेगळं आहे, पण या औषधाचा मूत्रपिंडाशी संबंध केवढा आहे ते यावरून दिसतं.)

आता गावातली खरी अडचण. आमच्याकडे पूर्ण स्ट्रिप कोणी घेत नाही. कात्रीने चार गोळ्या कापून द्यायच्या, कागदी पुडीत टाकायच्या. हातात जो तुकडा येतो त्यावर औषधाचं नाव अर्धंच असतं, नुसतं ‘…फेनॅक’ किंवा ‘…पी’, तारीखही बऱ्याचदा कापली गेलेली. दुसऱ्या दिवशी माणूस तोच रिकामा तुकडा दाखवून म्हणतो, “कालचीच गोळी दी रे, तेनाच बरा वाटला.” ब्रँडच्या नावाने काही कळत नाही. कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामोल असतं, पण बरोबर इबुप्रोफेनही असतं. झेरोडॉल-पी मध्ये पॅरासिटामोलसोबत एसिक्लोफेनॅक. वडिलांना सांगा, पूर्ण स्ट्रिप घ्या आणि मागची बारीक अक्षरं दुकानदाराकडून वाचून घ्या. तिथे फक्त पॅरासिटामोल असेल तरच ती घरी न्यायची. माझं स्पष्ट मत आहे की ‘स्टेंट आहे का, बीपीची गोळी चालू आहे का’ एवढं विचारल्याशिवाय कुठल्याही मेडिकलवाल्याने पेनकिलर कापून देऊ नये.

इंजेक्शनचंही तेच. कंबर धरली की आपली माणसं ‘एक सुई मारा’ म्हणतात आणि ती सुई बहुतेक वेळा डायक्लोफेनॅकचीच असते. सुई घेण्याआधी स्टेंटबद्दल सांगायलाच हवं. आठवडी बाजारातल्या सांधेदुखीच्या पुड्या तर नकोच, अशा पुड्यांत स्टेरॉइड आणि पेनकिलर मिसळलेली सापडलेली आहे.

मग द्यायचं काय? पॅरासिटामोल 500 किंवा 650, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसाला एकूण तीन ग्रॅमच्या आत. दारू किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहूनही कमी, डॉक्टर सांगतील तेवढंच. महिनोन्‌महिने रोज घ्यायची झाली तर बीपी मोजत राहा, रोज चार ग्रॅम घेतल्यावर बीपी थोडं वाढल्याचं दिसलं आहे. पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्यांत सोडियम बरंच असतं, त्या टाळा. गुडघ्यावर डायक्लोफेनॅकचं जेल लावलं तर गोळीच्या मानाने फार थोडं रक्तात जातं, पण तेही डॉक्टरांना विचारूनच. गरम पाण्याचा शेक, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, पाटाऐवजी खुर्ची, उकिडवं न बसणं, यांनी बराच फरक पडतो. या वर्षीची लावणी गड्यांकडून करून घ्या. आणि पावसात ताप आला तर लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाची) शंका धरून आधी दवाखाना, अंगदुखीची गोळी नको.

शेवटचं, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. डावा खांदा, हात, जबडा किंवा पाठ दुखली आणि घाम आला, तर ‘काम जास्त झालं’ म्हणून पेनकिलर घेऊन झोपू देऊ नका. ते हृदयाचंही असू शकतं. 108 ला फोन करायचा आणि शेजाऱ्यांनाही हे आधीच सांगून ठेवायचं. पुढच्या तपासणीला क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी) करून घ्या आणि गुडघ्यांबद्दल हृदयाच्या डॉक्टरांशी त्याच वेळी बोला. पॅरासिटामोलने भागलंच नाही तर कोणती गोळी, किती दिवस, हे त्यांनीच ठरवायचं.