आकाशात दिसणाऱ्या अनोळखी दिव्यांचा तपास सैन्य खरोखर करते का?

होय. अमेरिकी हवाई दलाने १९५२ ते १९६९ या काळात ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’मध्ये अशा १२,६१८ नोंदी तपासल्या, त्यांपैकी ७०१ अनुत्तरित राहिल्या. लडाखच्या सीमेवर जवानांना वारंवार दिसणारे दिवे आपल्या लष्कराने २०१३ च्या सुमारास खगोलशास्त्रज्ञांकडून तपासून घेतले, तेव्हा ते गुरू आणि शुक्र निघाले.

विदर्भात मात्र, ऐन मोहफुलांच्या हंगामात, २ एप्रिल २०२२ च्या रात्री आकाशातून जळत सरकलेल्या रेघा ग्रहांच्या नव्हत्या. सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरीत धातूचे भलेमोठे कडे पडले आणि इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणीला आले. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असे तज्ज्ञांनी सांगितले. असा तुकडा शिवारात आढळल्यास हात न लावता पोलीस पाटलांना कळवावे, कारण टाकीत विषारी इंधन उरलेले असू शकते.