बी.एस्सी. ॲग्री घेऊ की बी.टेक. ॲग्री?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बारावीला पीसीएमबी, सीईटीचे दोन्ही ग्रुप दिलेले, पर्सेंटाइल बरे, घरी सांगोल्याकडे पाच एकर डाळिंब. काका म्हणतात नावापुढे इंजिनिअर लागलं पाहिजे, आणि क्लासचे सर म्हणतात एमपीएससी करायची तर बी.एस्सी.च घे. मी कृषी अभियांत्रिकीवाला, म्हणजे बी.टेक. ॲग्रीवाला. नोकरी सगळी ठिबकच्या डिझाइनमध्ये गेली आणि टीममध्ये बी.एस्सी. ॲग्रीवाले कायम बरोबर होते, म्हणून लिहितोय.

आधी काकांचं. बी.टेक. ॲग्री म्हणजे मागच्या दाराने मिळालेलं मेकॅनिकल किंवा सिव्हिल नव्हे. बंधारा, शेततळं, पाणलोट हे सगळं आपण शिकतो; तरी काही जाहिरातींत अर्हतेच्या रकान्यात फक्त स्थापत्य लिहिलेलं असतं आणि आपण बाहेर. ट्रॅक्टर कंपन्यांतही मेकॅनिकलवाल्यांच्या रांगेतच उभं राहावं लागतं. तेव्हा ‘इंजिनिअर’ या पाटीसाठी जाऊ नकोस.

फरक कुठे आहे ते तुमच्याच पिकावरून सांगतो. डाळिंबाच्या बागेत ओळीच्या शेवटची झाडं पिवळी पडलीत, फळ लहान राहतंय. बी.एस्सी.वाला सहकारी गाडीतून उतरला की थेट झाडाखाली बसतो. मुळाजवळची माती उकरतो, मूळ चिरून आत काळपट आहे का बघतो, खोडाला बारीक छिद्रं आहेत का बघतो. मर रोग आहे, मुळांतले सूत्रकृमी आहेत की खोडकिडा, हे त्याला ठरवायचं असतं. मी तोवर फिल्टरपाशी असतो. सँड फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा प्रेशर गेज वाचायचा, मग लॅटरलच्या, म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या ठिबकच्या नळीच्या, शेवटच्या ड्रिपरखाली भांडं धरायचं. ताशी 4 लिटरच्या ड्रिपरने तीन मिनिटांत 200 मिली द्यायला हवं. 130 भरलं, तर एक तर तिथे दाब पोचत नाही, नाहीतर ड्रिपर चोंदलाय. मग लॅटरलची लांबी, लॅटरलना पाणी देणाऱ्या सबमेन पाइपचा व्यास, चढ-उतार, असा हिशेब सुरू. कधी तो बरोबर निघतो, कधी मी, आणि बऱ्याचदा दोघंही. आता सांग, यातलं कुठलं काम तुला रोज करायला आवडेल?

अभ्यासही असाच फाटतो. बी.एस्सी.ला कृषिविद्या, मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र, उद्यानविद्या, वनस्पती पैदास, विस्तार, अर्थशास्त्र. विषय भरपूर, लक्षात ठेवायचंही भरपूर. शेवटच्या वर्षी ‘कृषिकन्या’ म्हणून गावात राहून शेतकऱ्यांबरोबर प्रत्यक्ष काम करायचं असतं, ते मात्र मनापासून कर. निम्मी पोरं तिथे फक्त फोटो काढतात. बी.टेक.ला पहिल्या दोन वर्षांत गणित, ड्रॉइंग, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल, फ्लुइड मेकॅनिक्स, सर्व्हे. मग यंत्रे व शक्ती, मृद व जलसंधारण, सिंचन-निचरा, प्रक्रिया, अपारंपरिक ऊर्जा. बॅकलॉग लागतात ते बहुतेक त्या पहिल्या दोन वर्षांतच. कामाचं फळ कसं दिसतं म्हणशील, तर पाडेगावच्या संशोधन केंद्रातून आलेला फुले 265 हा उसाचा वाण हे बी.एस्सी.कडचं आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दाल मिल, म्हणजे डाळ करायचं छोटं यंत्र, हे बी.टेक.कडचं.

एमपीएससीबद्दल सर अर्धं खरं बोलले. महाराष्ट्र कृषी सेवेला दोन्ही पदव्या चालतात. पण मुख्य परीक्षेच्या अभ्यासक्रमात अभियांत्रिकीला किती जागा, यावर 2023 च्या सुरुवातीला कृषी अभियांत्रिकीची मुलं रस्त्यावर उतरली होती, यावरून काय ते समज. पीकशास्त्र त्यांना वेगळं बसून करावं लागतं. बँकांच्या कृषी अधिकारी परीक्षेलाही दोन्ही चालतात. बियाणं, खतं, औषधं या कंपन्यांत बी.एस्सी.वाल्यांना मागणी जास्त, पण काम विक्रीचं, टार्गेटचं आणि फिरतीचं. गावात कृषी सेवा केंद्र काढायचं तर कीटकनाशकांच्या परवान्यालाही हीच पदवी उपयोगी. बी.टेक.वाल्यांना ठिबक, पॉलिहाऊस, औजारं, प्रक्रिया उद्योग. जागा कमी, पण स्पर्धकही कमी.

पुढच्या शिक्षणाचं नीट लक्षात ठेव, कारण इथे परत फिरता येत नाही. बी.एस्सी.नंतर एम.एस्सी.ला शाखा पुष्कळ, पण कृषी अभियांत्रिकीच्या एम.टेक.चा दरवाजा जवळजवळ बंद. बी.टेक. केलंस तर गेट या एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेत कृषी अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे, आणि खरगपूरच्या आयआयटीत कृषी व अन्न अभियांत्रिकीचा जुना विभाग आहे. एमबीएला दोघंही जातात.

तू शेवटी जाता जाता लिहिलंयस की फिजिक्सची गणितं सोडवायला मजा येते आणि बायोचं पाठांतर नको वाटतं. मला उत्तर तिथेच दिसतं: बी.टेक. एमपीएससी हेच एकमेव ध्येय असतं तर मी वेगळं बोललो असतो, पण तसं तू कुठे म्हटलेलं नाहीस.

फक्त एक अट. राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोलीच्या विद्यापीठाचं स्वतःचं कॉलेज मिळत असेल तरच. भरमसाट फी घेणाऱ्या आणि वर्कशॉपमध्ये एक जुना नांगर दाखवणाऱ्या विनाअनुदानित बी.टेक.पेक्षा सरकारी बी.एस्सी. कधीही बरी. पसंतीक्रम भरताना आधी ही सरकारी बी.टेक. टाक, मग सरकारी बी.एस्सी., आणि खासगी कॉलेज स्वतः जाऊन शेत आणि शेड बघितल्याशिवाय यादीत घेऊच नकोस. सातबारा आणि शेतकरी असल्याचा दाखला आत्ताच काढून ठेव. अधिभाराचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या मुलांना प्रवेशात मिळणाऱ्या जादा गुणांचा, नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाच, मागच्या वर्षीच्या कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. यादी भरण्याआधी इथे टाकलीस तर मी बघून सांगेन.