स्विमिंग पूलला कुंपण नाही, म्हणून मेंटेनन्स थांबवू का?

प्रश्न : कांदिवलीतल्या आमच्या सोसायटीत पोडियमवर (पार्किंगच्या वरच्या गच्चीवर) स्विमिंग पूल आहे. शेजारीच मुलांची खेळायची जागा, मध्ये फक्त कुंड्या. गेल्या महिन्यात तीन वर्षांचा एक मुलगा चेंडूमागे थेट काठावर पोचला. कमिटी म्हणते, 'स्वतःच्या जबाबदारीवर' असा बोर्ड लावलाय, मुलं आईबापांनी सांभाळावीत. रेलिंग होईपर्यंत मेंटेनन्स थांबवू का?

उत्तर : मुळीच नको, ताई. थकबाकीदार ठरलात तर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज लागू शकतं आणि कमिटीच्या निवडणुकीला उभंही राहता येत नाही. शिवाय रेलिंगचा विषय बाजूला पडून चर्चा तुमच्या थकबाकीचीच होईल.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये घरगुती तलावांच्या कुंपणासाठी १९९२ पासून वेगळा कायदा आहे. महाराष्ट्रात तसा नाही, आणि कमिटी नेमका याचाच आधार घेते. पण वेगळा कायदा नाही म्हणून काळजी घेण्याची जबाबदारी संपत नाही. १९९५ साली सहलीला गेलेली शाळेची १४ मुलं बियास नदीत बुडाली, तेव्हा प्रत्येकामागे ५ लाखांची भरपाई २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. तिथे मुलं शिक्षकांच्या ताब्यात होती, तुमच्याकडे आईबाप असतात, हा फरक कमिटीचा वकील नक्की मांडेल. तरीही खेळायची जागा पाण्याला लागून ठेवली कोणी, हा प्रश्न उरतोच. आणि तीन वर्षांच्या मुलाला बोर्ड वाचता येत नाही!

निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नुसतं कुंपण नव्हतं एवढ्यावर गुन्हा सिद्ध होत नाही. पण धोका लेखी कळवूनही कमिटी हातावर हात ठेवून बसली असेल, तर तिची बाजू फार कमकुवत होते. म्हणून आधी सेक्रेटरींना पत्र द्या : त्या दिवशीची हकीगत, फोटो, मागणी. पोच घ्या. व्हॉट्सअॅप ग्रुपवरची भांडणं याची जागा घेत नाहीत.

मग एक पंचमांश सभासदांच्या सह्या घेऊन विशेष सर्वसाधारण सभेची मागणी करा. ती एका महिन्यात बोलवावी लागते. सभेत 'रेलिंग हवं' एवढंच म्हणू नका, नाहीतर कसलं रेलिंग यावरच पावसाळा निघून जाईल. माप घेऊन जा. ऑस्ट्रेलियन मानक चांगलं आहे : उंची किमान १.२ मीटर, उभ्या गजांत १०० मिलिमीटरपेक्षा जास्त फट नाही, फाटक पूलच्या विरुद्ध बाजूला उघडणारं आणि आपोआप बंद होणारं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पोडियमला भोकं पाडू देऊ नका, नाहीतर खालच्या पार्किंगमधली गळती हे नवं प्रकरण होईल.

ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील, तर करारनामा आणि माहितीपत्रकही काढून बघा. त्यात पूलभोवती रेलिंग दाखवलं असेल, तर रेराच्या (घर घेणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम १४(३) खाली बिल्डरला ते स्वखर्चाने करायला सांगता येईल. सभा बोलावलीच नाही, तर पोच घेतलेल्या पत्रासह सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा. तोवर पत्रातच दुसरी मागणी जोडा : पोहण्याच्या वेळेव्यतिरिक्त पूलकडे जाणारी वाट बंद ठेवावी आणि पूल सुरू असताना तिथे माणूस असावा.